कोटाचं वाक्य

ब्राह्मणपुरीच्या हेमकांतला गावात कुणी लेखक म्हणत नव्हतं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं तो स्वतःच चारचौघांत सांगत सुटायचा, म्हणजे वाटत असणारच. शहाद्याच्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचा. जितके तास तितका पगार, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नुसता हरी हरी. त्यामुळे उरल्या वेळात तो लोकांचं लिहून द्यायचा. मानपत्रं, लग्नपत्रिकेतल्या चार ओळी, निवृत्तीच्या दिवशी वाचायचं भाषण, गेलेल्या माणसावरचा श्रद्धांजलीचा मजकूर. मेलेल्या माणसाबद्दल तो असं काही लिही की घरच्यांना वाटे, अरेच्चा, हा इतका चांगला होता आणि आपल्याला पत्ताच नाही.

पुढे त्याला आत्मचरित्रांची कामं मिळू लागली. आमच्या भागात साहेब लोक निवृत्त झाले की आधी बंगल्याला रंग देतात, मग चारधाम करतात आणि मग त्यांना पुस्तक आठवतं. साहेब झोपाळ्यावर बसून बोलणार, हेमकांत मोबाईलवर ते टिपून घेणार आणि घरी येऊन त्याचं पुस्तक करणार. मुखपृष्ठावर नाव साहेबांचं, फोटो साहेबांचा. हेमकांतचं नाव कुठेच नाही, आणि तोच तर सौदा असायचा.

या कामाची त्याची एक ठरलेली फोडणी होती. कंदिलाखालचा अभ्यास, पहिल्या नोकरीचा दिवस, एखादी अन्यायाची बदली, कुठेतरी डोळ्यांत पाणी, आणि शेवटी एक वेंधळा गडी. हा गडी महत्त्वाचा. शिपाई म्हणा, ड्रायव्हर म्हणा, स्वयंपाकी म्हणा, पण साहेबाचं मोठेपण दिसायचं तर शेजारी एक बावळट माणूस उभा लागतो, हे हेमकांतचं शास्त्र. गड्यानं घोळ घालायचा, साहेबांनी रागवायचं सोडून हसायचं आणि माफ करायचं. वाचणारे तेवढीच पानं वाचतात आणि लग्नकार्यात एकमेकांना सांगतात, हे त्याला अनुभवानं कळलं होतं.

तर अशा या हेमकांतकडे हिंमतरावांचं काम आलं. हिंमतराव म्हणजे धडगावला पुष्कळ वर्षं राहिलेले बीडीओ, गटविकास अधिकारी. शहाद्याला मोठा बंगला, मागे केळीची बाग, पंचाहत्तरी तोंडावर आलेली. अमृतमहोत्सवाला पुस्तक हवंच, असं त्यांच्या मुलांनी ठरवलं. आणि हे काम हेमकांतला मिळालं ते त्याच्या वडिलांमुळे. हेमकांतचे वडील, ईश्वरनाना, याच हिंमतरावांच्या जीपवर ड्रायव्हर होते. म्हसावदकडून घाट चढून धडगाव, आणि धडगावच्या पुढे रस्ता नसलेली गावं, ही सगळी वाट नानांनी साहेबांना शेजारी बसवून तुडवली होती.

नानांना या पुस्तकाचा कोण आनंद. चहाच्या टपरीवर, देवळापाशी, दूध डेअरीवर, जिथे जातील तिथे एकच बातमी. "साहेबनं पुस्तक मन्हा पोऱ्या लिखी ऱ्हायना." हेमकांत त्यांना दटावायचा, की नाना, हे सांगायचं नसतं, पुस्तक साहेबांनीच लिहिलं असं म्हणायचं असतं. नाना म्हणायचे, "बरं, बरं," आणि पुढच्या ओट्यावर जाऊन पुन्हा तेच सांगायचे. घरी आले की नाव आलं का विचारायचे, "पुस्तकमा नाव उनं का रे?" आणि हेमकांत म्हणायचा, "ई, नाना, ई," म्हणजे येईल. बापाला आपलं नाव छापून आलेलं बघायचं आहे, असा त्याचा समज. म्हातारपणी माणसाला तेवढी हौस असतेच.

हिंमतराव मात्र बोलायला महाकंजूष निघाले. कुठली योजना कुठल्या साली आली, किती विहिरी झाल्या, कुठल्या मंत्र्याचा दौरा कसा पार पडला, हे सगळं ते सरकारी टिपणीसारखं सांगत. त्यात ना अश्रू ना हसू. शेवटी एका दुपारी हेमकांतनं आपला हुकमी प्रश्न विचारलाच, "साहेब, एखादी गमतीची आठवण? एखादा शिपाई, ड्रायव्हर?"

हिंमतरावांनी झोपाळा थांबवला. "आहे ना. पण ती तुझ्या बापाचीच आहे. नाव नको टाकू हां. चांगला माणूस आहे तो."

आणि त्यांनी गोष्ट सांगितली. डोंगरातल्या एका गावाला जाताना साहेब वाटेत जरा आडोशाला गेले. तेवढ्यात ड्रायव्हरनं जीपमधला साहेबांचा कोट चढवला, गॉगल लावला आणि जीप पुढे काढली. गावकरी ढोल घेऊन वाटेवर उभेच. त्यांना वाटलं, हाच साहेब. मग काय, वाजतगाजत मिरवणूक, आणि शेवटी उत्साहाच्या भरात लोकांनी नवे साहेब नाल्यात टाकले. हिंमतराव हे सांगताना बाहेर बागेकडे बघत होते आणि मधूनच थांबत होते. म्हातारा माणूस, आठवायला वेळ लागतो, असं हेमकांतला वाटलं.

बापावर हसताना माणूस थोडं तरी मागेपुढे बघतो. हेमकांतनं बघितलं नाही. तो खो खो हसला. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या हसण्याची, कारण ते त्याच्याकडून कुणी पैसे देऊन लिहून घेतलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं एका बैठकीत ते पान लिहिलं. नानांचं नाव बदलून धुडकू केलं. आमच्याकडे मुलं जगत नसली की उकिरड्यावर धुडकावून देऊन परत उचललेल्या पोराचं नाव धुडकू ठेवतात. नावातच निम्मं हसू येतं. ढोल त्यानं वाढवले, हार घातले, धुडकूच्या तोंडी "विकास झालाच पाहिजे" असं भाषण घातलं. आणि शेवटी हिंमतरावांच्या तोंडी एक वाक्य टाकलं, जे हिंमतरावांना सात जन्मांत सुचलं नसतं. "धुडकूला मी त्याच दिवशी माफ केलं, कोटाला माफ करायला मात्र धोब्यानं नकार दिला." या वाक्यावर हेमकांत स्वतःच खूश झाला. उठून पाणी प्यायला, परत वाचलं, परत खूश झाला. बायकोला, चेतनाला वाचून दाखवलं, तीही तोंडाला पदर लावून हसली. हिंमतरावांना फोनवर ऐकवलं तर ते आधी गप्प झाले आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. "असंच झालं होतं," ते म्हणाले, "अगदी असंच."

पुस्तक जुळणीला गेलं. शहाद्याला करणसिंग नावाच्या त्याच्या ओळखीच्या माणसाचं टायपिंगचं दुकान होतं, तिथे पानं लागायला सुरुवात झाली. आणि त्याच आठवड्यात अंगणात खाटेची नवार ओढताना नानांनी परत विचारलं, "नाव उनं का?"

हेमकांत नवारीचं दुसरं टोक धरून उभा होता. त्याला वाटलं, आता जरा गंमत करावी. तो म्हणाला, "नाना, साहेबना कोट घालीसन तुम्ही साहेब झायेल व्हतात म्हने?"

नानांनी नवार सोडली नाही, पण ओढायची थांबवली.

"साहेबनी सांगं का तुले?"

"हा."

"मंग बठ्ठं सांगं व्हयी. चांगलं झायं," नाना म्हणाले आणि साहेबांनी सगळं सांगितलं असेल या विचारानं त्यांचा चेहरा उजळला. "साहेबनी होळीले त्या गावले सबद दिधेल व्हता, पावसाना आगोदर नालावर फरशीना पूल करी देसूत. फरशी झायी नही. श्रावणमा त्याच गावना दिवाल्यानी बायको बाळतपनले अडनी. बांबूनी झोयी करीसन मानसे तिले रस्तावर ली येत व्हतात. नालाले पूर. काठवर बसी ऱ्हायनात बिचारा, पानी उतरानी वाट दखत. ती तठेच गई. पोटमाना जीव बी गया. फुलीबाई नाव व्हतं तिनं."

हेमकांतच्या हातातलं टोक ढिलं पडलं. "आनि कोट?"

"ते मांगेतून. आम्ही त्या रस्तावर गऊत तं त्या ढोल वाजाडी ऱ्हायंतात, मानसं गोया करी ऱ्हायंतात. साहेबले वाटनं, आते मारतीन. साहेब मांगे ताडपत्रीखाले जाई पडनात. कोट मन्हा आंगवर टाका. म्हनेत, ईश्वर, आज तूच साहेब शे, तू जाय." नाना हे असं सांगत होते जसं काही साहेबांनी त्यांना पाण्याचा तांब्या आणायला पाठवलं होतं. "मारं नही रे त्येस्नी. बोट बी लावं नही. मले नालामा ली गयात. कंबरलोंग पानी. म्हनेत, आठे ती अडकनी, आठे उभा ऱ्हाय. मी उभा ऱ्हायनू."

"त्येस्ले समजनं नही का, तुम्ही साहेब नही ते?"

"दिवाल्याले समजनं. तो मन्हा हातकडे दखे. ग्रीस लागेल हात साहेबना कसा ऱ्हाई? पन तो बोलना नही. म्हने, कचेरीना मानूस शे ना, बस व्हयनं. मंग म्हने, तिनं नाव ले. मी लिधं. म्हने, तुमना कागदमा हाई नाव लिखशात? मी हात जोडीसन म्हंतं, लिखसूत."

साहेबांना त्यांनी तसं सांगितलंही होतं. साहेब हो हो म्हणाले होते. पण कचेरीच्या कुठल्याच कागदावर ते नाव आलं नाही. नानांच्या घरी ही गोष्ट कधी निघाली नाही, कारण साहेब ताडपत्रीखाली गेले हे ड्रायव्हरनं घरी सांगायचं नसतं, अशी त्यांची समजूत. दिवाल्या मात्र धडगावच्या बाजारात भेटला की रामराम झाल्यावर विचारायचा, लिहिलं का. नाना निवृत्त झाले तरी विचारायचा. आणि आता साहेबांचं पुस्तक निघतंय म्हटल्यावर नानांनी त्याला सांगून टाकलं होतं, की आता येईल. नानांच्या लेखी पुस्तक हा साहेबांचाच कागद. कचेरीतला लहान, हा मोठा. ते इतके दिवस ज्या नावाची चौकशी करत होते, ते त्यांचं स्वतःचं नव्हतंच.

"मी त्याले सोहळाले बलायेल शे," नाना म्हणाले. "घाली ना तू?"

"हा नाना," हेमकांत म्हणाला.

चेतना ओट्यावर तूर पाखडत बसली होती, तिनं सगळं ऐकलं. नाना आत गेल्यावर ती म्हणाली, "मी हसले हो त्या पानावर. आता बदला ते."

"छापायला गेलं," हेमकांत म्हणाला. गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मात्र तो हिंमतरावांकडे गेला. बळ आणून, रस्ताभर वाक्यं जुळवत गेला, आणि समोर बसल्यावर नुसतं म्हणाला, "साहेब, नाना म्हणत होते, त्या नाल्यावर एक बाई..."

हिंमतरावांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "फुलीबाई. मला आठवत नाही असं समजू नकोस." आणि चष्मा परत लावत, "पण लिहायचं काय त्याचं? हिंमतराव ताडपत्रीखाली पडले होते? स्वतःच्या पुस्तकात असं कोण लिहितं रे? तुला जमत नसेल तर तो सगळा प्रकार काढून टाक. माझं काही म्हणणं नाही. बायकामुलं हसत होती म्हणून म्हटलं, चांगलं झालंय."

म्हणजे साहेबांनी अडवलं नाही. कुणीच अडवलं नाही, हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे हेमकांतला स्वतःची समजूत घालायला एखादं अडवणारं माणूस मिळालं असतं तर फार बरं झालं असतं. तो तिथून उठून करणसिंगच्या दुकानात गेला, खुर्ची ओढून बसला आणि ते पान काढ म्हणाला. स्क्रीनवर पान आलं. एवढं पान खोडायचं, एका कळीचं काम. नाहीतर शेवटच्या ऋणनिर्देशात एक ओळ टाकायची, की नाल्याच्या पुरात गेलेल्या फुलीबाईंची आठवण. करणसिंग बोटं तयार ठेवून बसला होता.

हेमकांतनं ते पान पुन्हा वाचलं आणि त्याला पुन्हा हसू आलं. झक्क जमलं होतं. इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या नावानं लिहिलेल्या शेकडो पानांत हे एकच पान असं होतं की ज्याचा त्याला अभिमान वाटावा. फुलीबाईचं नाव पुस्तकात कुठेही आलं की वाचणारा विचारणार, कोण ही, कुठला नाला, आणि मग धुडकू नाल्यात पडला त्यावर कुणी हसणार नाही. बाईचं नाव आणि कोटाचं वाक्य एका पुस्तकात नांदणं शक्य नव्हतं. त्याच्याच्यानं ते वाक्य खोडवेना. शरम वाटत होती, तरी खोडवेना. तो करणसिंगला म्हणाला, "जाऊ दे. पाठव छापायला." घरी येऊन नानांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "घालं नाव." बापाशी खोटं बोलायला इतकं सोपं जातं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

सोहळा शहाद्याच्या एका मंगल कार्यालयात झाला. सकाळची वेळ, मागच्या बाजूला वरण-बट्टीच्या पंगतीची तयारी, वांग्याच्या भाजीचा वास थेट स्टेजपर्यंत. नानांनी नवा पांढरा सदरा शिवला होता. ते दारापाशी उभे राहून येणाऱ्यांना जणू स्वतःचंच कार्य असल्यासारखे "या, या" करत होते. धडगावकडून येणाऱ्या काळीपिवळी जीपमधून उतरून दिवाल्या आला तसे नाना धावत गेले, त्याचा हात धरून त्याला आत आणलं. दिवाल्या म्हणजे वाळलेला, उंच, डोक्याला लाल फडकं बांधलेला म्हातारा. तो पुढे बसेना, तेव्हा शेवटच्या रांगेत त्याला खुर्ची दिली. हेमकांत खांबाआड उभा होता. नानांनी त्याच्याकडे बोट करून दिवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दिवाल्यानं लांबूनच हात जोडले. हेमकांतनंही जोडले. त्या वेळी धरणीनं पोटात घेतलं असतं तर तो नाही म्हणाला नसता.

सत्कार झाले, शाली झाल्या, रंगीत कागद फाडून पुस्तकं वर धरली गेली. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींना विनोदाची नस माहीत होती. ते म्हणाले, साहेबांच्या ओघवत्या लेखणीचा एक नमुना ऐकाच, आणि त्यांनी नेमकं तेच पान उघडलं.

गुरुजी वाचत छान होते. ढोलाला टाळ्या मिळाल्या. भाषणाला शिट्टी आली. धुडकू नाल्यात पडला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींवर कलंडल्या. आणि कोटाचं वाक्य आलं तेव्हा सगळं कार्यालय इतकं हसलं की पंगत मांडणारे वाढपी हातातली ताटं घेऊन बघायला आले. लिहिणाऱ्याला आयुष्यात जे हवं असतं ते हेच, आणि हेमकांतला ते खांबाआड उभं राहून मिळत होतं. त्याला दिसत होती ती फक्त नानांची पाठ. नाना हसत नव्हते. ते मान वळवून शेवटच्या रांगेकडे बघत होते. दिवाल्याला पुस्तकी मराठी कितपत कळत होती कोण जाणे, पण त्याच्या गावाचं नाव त्याला कळलं होतं, नाला कळला होता, आणि लोक हसतायत हेही कळलं होतं. तो हात मांडीवर ठेवून सरळ बसला होता.

आणि तेवढ्यात हिंमतरावांना भान राहिलं नाही. एवढं कौतुक, एवढं हसणं, माणूस वाहवतो. ते माईकपाशी येऊन म्हणाले, "अहो, तो धुडकू इथंच बसलाय! आमचा ईश्वर! ये रे ईश्वर, वर ये."

टाळ्यांत नानांना स्टेजवर नेलं गेलं. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. गुरुजींनी माईक पुढे केला, "दोन शब्द, नाना." नाना खरं बोलले तर साहेबांची इज्जत जाणार होती आणि पोराचं लिहिणं खोटं ठरणार होतं. नाही बोलले तर मागे दिवाल्या बसला होता.

नानांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला.

"मले बोलता येत नही," ते म्हणाले. "पुस्तकमा जो धुडकू शे, तो मीच शे. कोट मीच घालेल व्हता. साहेबनी माफ करं, तेबी खरं शे. पुस्तकमा जे लिखेल शे ते बठ्ठं खरं शे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी "वा, धुडकूशेठ!" म्हणालं. नाना टाळ्या थांबेपर्यंत थांबले.

"फक्त छापामा एक नाव ऱ्हाई गयं. फुलीबाई दिवाल्या. बाळतपनले चालनी व्हती, नालाले पूर व्हता, फरशी नव्हती. ती तठेच गई. तिना मालक आठे बशेल शे, मांगे." मागे भांडी वाजत होती ती थांबली. "ज्यानी पुस्तक लिखं, त्यानी तेवढं नाव लिखी ल्या."

सगळ्यांनी हिंमतरावांकडे बघितलं. हिंमतरावांनी खाली बघून मान हलवली, हो, हो. नानांनी मात्र त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. खांबाकडेही बघितलं नव्हतं. पोराला त्यांनी भर सभेत झाकलं होतं, आणि जे सांगायचं ते त्यालाच सांगितलं होतं. हेमकांतला आजवर कॉलेजात, नातेवाइकांत, सासुरवाडीला पुष्कळदा कमीपणा आला होता, पण ते सगळं दुसऱ्यांनी आणलेलं होतं. हे त्याचं त्यानं, एक एक वाक्य जुळवून, स्वतःच्या हातानं केलं होतं.

गुरुजींनी प्रसंग सावरला, जेवण तयार असल्याचं जाहीर केलं, आणि लोक सुटकेचा श्वास टाकून पंगतीकडे निघाले. जाताना प्रत्येकाला पुस्तकाची एक एक प्रत वाटली जात होती. दिवाल्यालाही मिळाली. ती घेऊन तो सरळ खांबापाशी आला आणि त्यानं बाजारातल्या अहिराणीत विचारलं, "कोठे शे तिनं नाव? दखाड."

हेमकांतनं पुस्तक उघडलं. बोट कुठेतरी ठेवता आलं असतं. दिवाल्याला वाचता येत नव्हतं. कुठल्याही ओळीवर बोट ठेवून "हे बघ" म्हटलं असतं तर चालून गेलं असतं. तेवढं मात्र त्याच्यानं झालं नाही. त्यानं खिशातलं पेन काढलं, ढोलाच्या त्या पानावर वरच्या मोकळ्या जागेत ठसठशीत अक्षरात लिहिलं, फुलीबाई दिवाल्या, आणि पुस्तक त्याच्यापुढे धरलं.

दिवाल्यानं ते नाव निरखून बघितलं. मग अंगठा फिरवला. ओली शाई पसरली. त्यानं अंगठा बघितला.

"हाई ते तू आते लिखं," तो म्हणाला. "छापेल दखाड."

"छापेल नही शे," हेमकांत म्हणाला.

"कसाले?"

याचं उत्तर हेमकांतजवळ होतं. अगदी स्पष्ट होतं. लोक ज्यावर हसले ते वाक्य वाचवायला. पण हे वाक्य असं समोरासमोर कसं बोलतात, ते त्याला येत नव्हतं. त्याला दुसऱ्याच्या तोंडी वाक्यं घालायची सवय. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आपल्याला पाणी आलंय याचीही त्याला लाज वाटली, कारण असं पाणी तो पुस्तकात मागणीप्रमाणे आणून देत असे.

दिवाल्यानं थोडी वाट बघितली. मग पुस्तक मिटलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"मंग हाई तूच ठेव."

तो पंगतीकडे गेला. नाना तिथे आधीच बसले होते, आणि आजूबाजूची मंडळी "धुडकूशेठ, आणखी बट्टी घ्या" असं म्हणून त्यांना आग्रह करत होती. दिवाल्याला बघून नाना सरकले, शेजारी जागा केली, डोक्यावरची टोपी काढून मांडीखाली ठेवली. वाढप्यानं दोघांच्या पानात वरण वाढलं. दोघं जेवायला लागले. दोघांपैकी कुणी हेमकांतला हाक मारली नाही, आणि तोही गेला नाही.